येथे डॉक्टर राहत नाहीत

आमच्या कळंबच्या घरासमोर एक दार आहे आणि त्या दारावर पत्र्याची पाटी आहे. लाल अक्षरांत मजकूर असा : ‘येथे डॉक्टर राहत नाहीत.’

माणसं आपण कोण आहोत हे दारावर लिहितात. आपण कोण नाही हे लिहिणाऱ्या माझ्या माहितीत शाहीनआपा एकट्याच. पाटी रंगवणाऱ्यानं त्यांना विचारलं होतं, “मग ऱ्हातं कोण, ते लिहू का खाली?” त्या म्हणाल्या, “ते लिहायला पत्रा पुरायचा न्हाय. आधी एवढं तर कळू दे लोकांना.” रंगवणारा दिलदार होता. त्यानं आपल्या मनानं कोपऱ्यात एक लाल अधिकचं चिन्ह काढून दिलं. शोभेला.

त्या चिन्हामुळं पूर्वी जेवढे लोक औषधाला यायचे, त्याच्या साधारण दीडपट यायला लागले. हा अंदाज माझा आहे, पण अंदाजात मी सहसा चुकत नाही. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लिपिक आहे. उसाची भरलेली गाडी काट्यावर घ्यायची, मग रिकामी घ्यायची, वजाबाकी करून पावती द्यायची, हे माझं काम. त्यामुळं समोर दिसतं त्यातलं नुसतं वाहन किती आणि माल किती, हे बघायची मला सवय लागली आहे. शाहीनआपांच्या बाबतीत मात्र ही वजाबाकी करायला मला बरीच वर्षं लागली.

एकदा एक आजोबा ती पाटी मोठ्यानं वाचून पायरीवरच बसले. मी म्हटलं, “आजोबा, इथं डॉक्टर राहत नाहीत.”

“वाचलं की,” आजोबा म्हणाले. “ऱ्हायला दुसरीकडं आसतील, दवाखाना हितं आसंल. बसतो म्या.”

तेवढ्यात शाहीनआपा दारात आल्या. “काय होतंय, बाबा?”

“खोकला हाय, डॉक्टरीणबाई.”

“मी डॉक्टरीण न्हाय.”

“बरं, सिस्टर.”

“मी सिस्टर न्हाय.”

“मंग नर्सबाई.”

“त्यातलं बाई काढा.”

आजोबांनी जरा विचार केला. मधे खोकलेही. मग म्हणाले, “मंग तुमीच सांगा तुमी कोन हाय ती. म्या खोकलेवाला. माझी वळख म्या दिली.”

शाहीनआपांनी त्यांचा श्वास नीट बघितला, छातीवर हात ठेवला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “लिपिकसाहेब, गाडी काढा. ह्यांना मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं ज्यांच्या पाटीवर डॉक्टर लिहिलंय, त्यांना दाखवा.” मी गाडी काढली. वाटेत आजोबा माझ्या पाठीमागून विचारत होते, “बाई हुशार हाय, पर ती हाय कोन?”

तर त्या आहेत सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिका. हा शब्द गल्लीत कुणालाच नीट म्हणता येत नाही. त्यांच्या वर परिसेविका असते, म्हणजे एका वॉर्डाची प्रमुख. तिच्या वर अधिसेविका, जिला जुनी माणसं मेट्रन म्हणतात. ह्या सगळ्यांना लोक एकच शब्द वापरतात, सिस्टर. आणि ह्या शब्दावर शाहीनआपांचं माथं भडकतं. “उद्या कलेक्टरला आणि तलाठ्याला दोघांना ‘ओ भाऊ’ म्हणा, चालंल का? शिक्षण वेगळं, अधिकार वेगळा, जिम्मेदारी वेगळी, आन हाक एकच?”

मी एकदा सावधपणे म्हटलं, “पण आम्ही तुम्हाला आपा म्हणतो. त्याचाही अर्थ बहीणच.”

“आपा हे नातं आहे, ते चालतं. सिस्टर हे पद म्हणून म्हणतात, आन ते पदच अस्तित्वात न्हाय. नसलेल्या पदावर मी काम करत न्हाय.”

स्वतःच्या पदाबाबत एवढ्या काटेकोर असल्यामुळं दुसऱ्यालाही त्या त्याच्या पदानंच हाक मारतात. मी लिपिकसाहेब. दूधवाला आला की, “दूध वितरक, आज पातळ आहे.” रद्दीवाल्याला त्यांनी ‘जुने कागद संकलक’ केल्यापासून तो आमच्या गल्लीत भाव अर्धा रुपया जास्त देतो. माझ्या बायकोला, म्हणजे सुनंदाला, काय म्हणायचं ह्यावर मात्र त्या अडल्या होत्या. मी ‘गृहिणी’ सुचवलं. शाहीनआपा म्हणाल्या, “छे. ते पद न्हाय, ते अख्खं खातं आहे. त्याला मंत्री लागतो.” सुनंदाला हे इतकं आवडलं की त्या दिवशी तिनं समोर शेंगदाण्याची चटणी पाठवली आणि मला मात्र शिळ्या भाकरीवर ठेवलं. मंत्र्यानं लिपिकाला वागवावं तसं.

हे वेड त्यांना रुग्णालयात लागलं असेल असं मला वाटायचं. ते तसं नाही. ते त्यांच्या वडिलांच्या दुकानात लागलं.

शाहीनआपांनी लग्न केलं नाही. घरात त्या आणि त्यांचे अब्बा, दस्तगीर टेलर. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. बाजारपेठेत त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि अर्ध्या कळंबच्या शाळेच्या चड्ड्या तिथं शिवल्या गेल्या, माझीही त्यात आली. दुकानाची शिस्त कडक होती. नवा माणूस आला की आधी नुसता बघणार. त्याला म्हणायचे ‘बघ्या’. मग तो ‘हाताखाली’ जाणार, काज-बटण करणार, पण चाचांची नजर त्याच्या बोटांवर. मग कधीतरी चाचा म्हणायचे, “एकट्यानं.” म्हणजे आता मशीन त्याची. कात्री मात्र फक्त चाचांच्या हातात. पोटची पोरगी असली तरी शाहीनला कात्रीला हात लावायची परवानगी नव्हती. “कापड एकदा कापलं की जिम्मेदारी कापणाऱ्याची,” असं चाचा म्हणायचे.

चाचांचं दुसरं प्रसिद्ध वाक्य म्हणजे, “गुरुवारी या.” कपडे कधी मिळतील? गुरुवारी या. शाळा उद्या सुरू होतेय. गुरुवारी या. कुठल्या गुरुवारी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

तर बघ्या, हाताखाली आणि एकट्यानं, ह्या तीन पायऱ्या शाहीनआपांनी जन्मभर जपल्या. रुग्णालयात नव्या मुली आल्या की त्या ह्याच मापानं त्यांना जोखतात. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. गल्लीत कुणी गणपतीचा मांडव घालत असला तरी खुर्ची टाकून बसतात आणि जाहीर करतात, “खांब रोवणारा एकट्यानं. दोरी बांधणारा हाताखाली. बाकी सगळे बघ्ये.” सुनंदाचा पुरणपोळीत दर्जा ‘हाताखाली’ आहे. तिला तो मान्य नाही. अपील चालू आहे.

एकदा त्या कारखान्यावर माझा काटाही बघायला आल्या. मी ऐटीत दोन गाड्या घेतल्या. त्यांनी विचारलं, “हा काटा बरोबर आहे, हे कोण ठरवतं?”

“वजनमापाचे निरीक्षक येतात. तपासून शिक्का मारतात.”

“मंग तुम्ही हाताखाली,” त्या म्हणाल्या आणि रसाचा ग्लास मागितला. वीस हंगाम काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, तेही ट्रॅक्टरवाल्यांसमोर.

गेल्या उन्हाळ्यात हंगाम संपला आणि मी घरी होतो, तेव्हा एका दुपारी शाहीनआपा पेढे घेऊन आल्या. त्यांची निवड झाली होती. मिडवायफरीतली नर्स प्रॅक्टिशनर होण्याच्या प्रशिक्षणासाठी. हा शब्द त्यांनी आमच्याकडून तीनदा म्हणून घेतला, मग पेढा दिला.

“म्हंजे आता तुम्ही डॉक्टर होणार?” सुनंदानं विचारलं आणि दिलेला पेढा परत जातो की काय अशी वेळ आली.

“न्हाय! डॉक्टर डॉक्टरच. ह्याच्यात असं आहे की, साधं सरळ बाळंतपण असंल तर ते मी माझ्या जिम्मेदारीवर करणार. पहिल्या तपासणीपासून शेवटापर्यंत. आन कुठं सरळ राहिलं न्हाय हे ओळखून वेळेवर डॉक्टरला बोलावणं, हे पण माझीच जिम्मेदारी. आतापर्यंत मी काय होते? बटण लावते, काज करते, कापड धरते. आता...” त्या थांबल्या आणि उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडमीट केली. “अब्बांच्या भाषेत, कटिंग मास्टर.”

मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. एवढ्या खुषीत कधी बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षी अर्ज करायला वयच बसणार नव्हतं, म्हणजे ही पहिली आणि शेवटची संधी. प्रशिक्षण मात्र दुसऱ्या जिल्ह्यात, तिथंच राहून. कधीमधी सुट्टी. आणि हजर व्हायला पंधरा-वीस दिवस उरलेले.

पेढ्याचा कागद घडी करत त्या म्हणाल्या, “अब्बांचं काय करू?”

चाचांची आठवण दोनेक वर्षांपासून उसवत चालली होती. आधी नावं गेली, मग वार गेले, मग माणसं. कपडे तेवढे राहिले. माणूस ओळखू आला नाही तरी त्याची कॉलर कुणी लावली, हे ते सांगतात. आणि राहिलं ते एक वाक्य. चाचा, जेवलात का? गुरुवारी या. चाचा, बरं वाटतंय का? गुरुवारी या.

रात्री सोबतीला चाचांची धाकटी बहीण येणार होती. तिला सगळे फुप्पी म्हणतात. फुप्पी कामाला खमकी, पण दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. घरात चोर आला तर ती त्याला चहा देईल, असं शाहीनआपाच म्हणायच्या. दिवसा कुणीतरी हवं होतं.

“आम्ही आहोत की,” मी म्हटलं. हंगाम सुरू व्हायला चार महिने होते आणि घरात बसून मी सुनंदाच्या डब्यांवर वजनाच्या चिठ्ठ्या लावायला लागलो होतो. सुनंदानंही जोरानं मान हलवली. मी घराबाहेर जावं, असा तिचा त्यात हेतू असावा.

शाहीनआपांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत बघितलं. “ठीक. पण एकट्यानं दर्जा मिळाल्याशिवाय मी जाणार न्हाय.”

दुसऱ्या दिवसापासून आमचं प्रशिक्षण सुरू झालं. त्यांचं राहिलं बाजूलाच.

पहिला धडा भरवण्याचा. भरवून घेतल्याशिवाय भरवता येत नाही, असा त्यांचा नियम. म्हणून मला खुर्चीत बसवलं, हात मांडीवर ठेवायला लावले आणि सुनंदाला खिचडीची वाटी दिली. सुनंदानं पहिला घास कोंबला, दुसरा कोंबला, तिसऱ्याला माझे डोळे पांढरे झाले.

“सुनंदाताई, त्यांचा पहिला घास अजून तोंडात आहे.”

“आपा, हे असेच जेवतात. चावतच न्हाईत.”

मग माझी पाळी. मी चमचा सपाट भरून चाचांपुढं नेला. प्रत्येक चमचा सारखा भरला जाईल याकडं माझं लक्ष होतं. चाचांनी खिचडीकडं न बघता माझी कॉलर दोन बोटांत धरली, उलटी केली आणि अत्यंत दुःखानं विचारलं, “हे कुणी केलं?”

“तयार घेतलाय शर्ट, चाचा.”

“काढा,” चाचा म्हणाले. “गुरुवारी या.”

शाहीनआपांनी शेरा दिला : “लिपिकसाहेबांचं लक्ष चमच्यावर. ते घशावर पायजे. बघ्या.”

दुसरा धडा कुशीवर वळवण्याचा. चाचा हिंडते-फिरते होते, पण उद्या पडून राहायची वेळ आली तर म्हणून. सरावासाठी आमच्या ओसरीवर ज्वारीचं पोतं आडवं केलं. पोती हा माझा विषय. मी गुडघा टेकला, टोकं धरली आणि एका दमात पोतं उलटलं.

“नापास,” शाहीनआपा म्हणाल्या.

“का?”

“सांगितलं न्हाय. ‘चाचा, आता कुशीवर घेतो हं’ असं सांगितल्याशिवाय हात लावायचा न्हाय.”

“पोतं आहे ते, आपा.”

“आज पोतं आहे.”

म्हणून मी पोत्याशी बोलायला लागलो. “चाचा, कुशीवर घेतो हं. दुखतंय का? झालं हं, झालं.” तेवढ्यात दूध वितरक आला. तो किटली घेऊन जरा वेळ उभा राहिला आणि आत जाऊन सुनंदाला हळूच म्हणाला, “वहिनी, साहेबांना कारखान्यानं काढलं का?” सुनंदा म्हणाली, “न्हाय. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी ‘दुखतंय का’ विचारलं न्हाय, ते पोत्याला विचारतेत.”

तिसरा धडा थांबायचं कुठं, हा. शाहीनआपांच्या मते खरी परीक्षा हीच. हात चालणं हे निम्मंच कौशल्य, हात थांबणं हे उरलेलं.

“अब्बांना ताप आला. काय करणार?”

“गोळी देणार.”

“कुणाच्या अधिकारात?”

“बरं, तुम्हाला फोन करणार.”

“मी बाळंतपणात आहे. उचलला न्हाय.”

“मग दवाखान्यात नेणार.”

“आन तिथं मी शहाणा म्हणून गोळ्यांची नावं सांगणार का?”

“न्हाय. काय दिसलं, कधीपासून दिसलं, तेवढंच सांगणार.”

“हाताखाली,” त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन आरशात बघितलं.

सुनंदा तर तीन-चार दिवसांत सगळ्यात ‘एकट्यानं’ झाली. भरवणं, अंघोळ, औषधाच्या वेळा, सगळं. मग अचानक एका संध्याकाळी ती घुश्शात घरी आली. “मला बघ्या केलं.”

“कशात?”

“ते सांगितलंच न्हाय! चाचा विचारत होते, शाहीन कुठंय, शाहीन कुठंय. म्या आपाचा हात धरला आन म्हटलं, ही काय चाचा, तुमच्या म्होरंच उभी हाय. झालं. आपानं मला कोपराला धरून भायेर आणलं आन म्हणाली, सुनंदाताई, बघ्या. एवढंच. खरं बोलायची पण चोरी?”

दोन दिवस समोर काही पाठवलं गेलं नाही. चटणीसुद्धा.

त्यानंतर शाहीनआपांचं जरा विचित्र सुरू झालं. धडे संपेनात. चष्मा पुसायचा धडा झाला. लुंगीच्या घडीचा झाला. चाचांचा मापाचा जुना टेप गुंडाळायचा कसा, ह्यावर त्यांनी मला अर्धी सकाळ बसवलं आणि शेवटी ‘हाताखाली’ दिलं. हजर व्हायची तारीख तोंडावर आली. बॅग भरलेली दिसेना. मी विचारलं तर म्हणाल्या, “एक राहिलंय.” काय राहिलंय ते सांगेनात.

सुनंदाचा घुस्सा उतरला होता. जेवताना ती म्हणाली, “अहो, ती आपल्याला नापास करत न्हाय. तिचाच पाय निघंना. एवढं पेढे वाटून, आन आता न जायला कारण हुडकतीय. जाऊन इचारा.”

“मी?”

“मंग काय मंत्र्यानं जावं?”

मी चहाच्या वेळेला गेलो. दार उघडंच होतं. चाचा नुकते झोपून उठले होते, खाटेवर बसून दाराकडं बघत होते. शाहीनआपा त्यांच्या पायाशी बसून पायमोजे चढवत होत्या. मी उंबऱ्यातच थांबलो, कारण चाचा बोलत होते.

“सिस्टर,” ते म्हणाले, “शाळा सुटली का?”

ह्या घरात हा शब्द उच्चारून धड परत गेलेला माणूस मी बघितला नव्हता.

“सुटंल आता, चाचा,” शाहीनआपा म्हणाल्या.

चाचा. अब्बा नाही. आणि दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाप-लेक घरात कायम दखनी बोलायचे. ‘क्या कर रई?’, ‘चा पीते क्या?’ असं. आता चाचा तिच्याशी मराठीत बोलत होते. दुकानात परक्या गिऱ्हाइकाशी बोलायचे तसं, अदबीनं.

“माझी मुलगी आहे शाळेत. शाहीन नाव. लई हुशार आहे, सिस्टर. पण तिच्या तोंडावर म्हणायचं न्हाय हां. डोक्यात जातं.”

“न्हाय म्हणत.”

“कात्री मागते. एवढीशी आहे, कात्री मागते. मी देत न्हाय. देणार पण न्हाय.” चाचा पुढं वाकले. “बारीक हात आहेत तिचे. कापडावर न्हाय वाया घालवायचे. तिला तुमच्यासारखं करायचं आहे. तुमच्यात पण वरची जागा असंल ना एखादी? सगळ्यात वरची?”

“असती,” शाहीनआपा म्हणाल्या. दुसरा पायमोजा त्यांनी चढवला, काढला, परत चढवला.

मला बघून त्या उठल्या आणि आत चहा टाकायला गेल्या. मी मागोमाग गेलो. भांडं गॅसवर ठेवून, माझ्याकडं पाठ करून त्या म्हणाल्या, “आधी मी सांगायचे, अब्बा, मैंच शाहीन. तर चपला शोधायचे. रडत रस्त्यावर जायचे पोरीला हुडकायला. म्हणायचे, ह्या बाईनं माझी पोरगी कुठं ठेवली. मंग एक दिवस मीच म्हटलं, मी सिस्टर आहे, तुमची मुलगी शाळेत गेलीय, येईल. तर निवांत बसले.” त्यांनी साखर टाकली, पुन्हा टाकली. “ह्या घरात माझं पद हेच आहे, लिपिकसाहेब. मंजूर पद.”

मी ओट्यावरचे कप त्यांच्यापुढं सरकवले.

“जन्मभर ह्या माणसानं मला कधी शाबास म्हटलं न्हाय. आता रोज ऐकते. चहाच्या वेळेला.” मग जरा थांबून, “मी गेले तर जेवण तुम्ही द्याल. औषध द्याल. ते सगळं तुम्हाला येतं, लई दिवसांपासून येतं. पण ह्या वेळेला त्यांना शाहीनचं सांगायचं असतं. फुप्पीला ऐकू येत न्हाय. सुनंदाताई खरं सांगायला जातात. ऐकून घ्यायचं कुणी? आन शाळा सुटली का विचारलं की उत्तर कोण देणार?”

“मी देतो,” मी म्हटलं.

“तुम्ही? तुम्ही दहा किलोचं खोटं बोलत न्हाय.”

हे खरं होतं. माझं खोटं लगेच चेहऱ्यावर दिसतं, सुनंदाला तर भिंतीपलीकडून कळतं. तरी मी चहाचा कप घेऊन बाहेर गेलो. शाहीनआपा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. परीक्षकासारख्या.

चाचांनी माझी कॉलर बघितली, मान हलवली, आणि ती सोडून देऊन विचारलं, “शाहीन आली का?”

शाळेत आहे म्हणावं, तर ती चार पावलांवर उभी. आली म्हणावं, तर चाचा चपला शोधणार. आणि मग माझ्या तोंडून कसं कोण जाणे, निघालं, “गुरुवारी येते म्हणाली.”

चाचा माझ्याकडं बघत राहिले. एक भुवई वर गेली. मग गालातल्या गालात काहीतरी हललं आणि ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले.

“गुरुवारी!” ते म्हणाले. “म्हंजे अजून कापडसुद्धा कापलं न्हाय.”

“न्हाय ना.”

“असू द्या. घाईचं काम चांगलं होत न्हाय.” त्यांनी कप घेतला. “बसा. माझी मुलगी लई हुशार आहे, सांगितलं का तुम्हाला?”

“न्हाय. सांगा की.”

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, जरा बसलेला. “एकट्यानं.”

दोन दिवसांनी शाहीनआपा सकाळच्या एसटीनं गेल्या. जाताना माझा दर्जा ‘फक्त चहाच्या वेळेपुरता’ असल्याची आठवण करून दिली. सुनंदालाही मी ‘गुरुवारी’ शिकवलं आणि तिला तिचा दर्जा फोनवरून परत मिळाला. पुरणपोळीचं अपील अजून प्रलंबित आहे.

तेव्हापासून मी रोज चहाच्या वेळेला जायला लागलो. शाहीनबद्दल मला आता इतकं माहीत आहे की तिच्या वर्गशिक्षिकेलाही नसेल. चाचा सांगायचे ते मी रात्री फोनवर शाहीनआपांना जसंच्या तसं सांगायचो, माझ्या पदरचं एक अक्षर न घालता. तिकडून नुसतं “हूं” यायचं. मग त्या विचारायच्या, “गिळणं बघता ना? का चमचाच बघता?”

पहिल्या सुट्टीला त्या आल्या तेव्हा मी तिथंच होतो. गुरुवार असता तर लिहायला बरं झालं असतं, पण शनिवार होता. दारात रिक्षा थांबली, पाटीखाली त्या उभ्या राहिल्या, खांद्याला बॅग, पांढऱ्या कोटावर नवा बिल्ला. बिल्ल्यावरचं पद एवढं लांब होतं की ते दोन ओळींत बसवलं होतं. मी ते मोठ्यानं, न चुकता वाचलं. त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी बिल्ला काढला, पर्समध्ये ठेवला आणि आत पाऊल टाकलं.

चाचांनी डोळे बारीक करून बघितलं. “कोण?”

“सिस्टर आहे, चाचा.”

“होतात कुठं इतके दिवस?” चाचा म्हणाले. त्यांनी सरकून खाटेवर जागा केली. “बसा, बसा. माझ्या शाहीनचं तुम्हाला सांगायचं राहिलंय.”

त्या बसल्या. बॅग खांद्यालाच होती. मी चहा टाकायला आत गेलो.